सीपीयू रिकामा, तरी सर्व्हर थिजतो: लिनक्सवर कर्नल ट्रेसिंग बसवणं आणि वापरणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उबुंटू २२.०४ चा सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि एक वेब ॲप्लिकेशन चालतं. दिवसातून अनेकदा सगळं आठ-दहा सेकंद थिजतं आणि आपोआप पूर्ववत होतं. त्या वेळी 'टॉप'मध्ये सीपीयू बराचसा रिकामा दिसतो, लोड ॲव्हरेज मात्र वीसच्या पुढे जातो. लॉगमध्ये काहीच सापडत नाही. कर्नल ट्रेसिंग, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात काय घडतंय ते चालू असतानाच नोंदणं, करून बघा, असं कुणीतरी सुचवलं. पण एफट्रेस, पर्फ, बीसीसी, बीपीएफट्रेस यांतलं नेमकं काय बसवायचं, कसं चालवायचं आणि चालू सर्व्हरवर ते करणं सुरक्षित आहे का?

मर्यादा सांभाळल्या तर सुरक्षित आहे, त्या मर्यादा पुढे सांगतो. पण कुठलं टूल घ्यायचं हे ठरवण्याआधी आपला वेळ सीपीयूवर खर्च होतोय की कशाची तरी वाट पाहण्यात, याचा निकाल लावा. तुम्ही दिलेल्या माहितीत तो निम्मा लागलेलाच आहे. लिनक्सचा लोड ॲव्हरेज नुसत्या चालणाऱ्या प्रोसेस मोजत नाही. 'डी' अवस्थेतल्या, म्हणजे मध्येच उठवता न येणाऱ्या झोपेतल्या प्रोसेसही तो धरतो. सीपीयू रिकामा आणि लोड वीस, याचा अर्थ वीसेक प्रोसेस कर्नलच्या आत कशावर तरी खोळंबल्या आहेत, बहुतेक वेळा डिस्कवर. अशा वेळी 'पर्फ टॉप' उघडून किंवा नेहमीचा फ्लेम ग्राफ काढून ताकास तूर लागत नाही, कारण ती साधनं फक्त सीपीयूवर असलेला वेळ दाखवतात आणि तुमचा वेळ सीपीयूबाहेर जातो आहे.

काहीही बसवण्याआधी दोन गोष्टी बघा. (कमांडा इथे देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं वापरा.) पहिली, '/प्रॉक/प्रेशर/आयओ' ही फाइल. कर्नल ४.२० पासून ती मिळते. तिच्यात 'सम' आणि 'फुल' अशा दोन ओळी असतात आणि प्रत्येकीत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांची टक्केवारी. 'फुल'चा १० सेकंदांचा आकडा थिजण्याच्या वेळी वर उसळला, तर जेवढ्यांना काम होतं ते सगळेच एकाच वेळी आयओची (डिस्कवरच्या वाचन-लेखनाची) वाट पाहत होते, हे पक्कं. दुसरी गोष्ट, 'पीएस'ला अवस्था, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), 'डब्ल्यूचॅन' आणि नाव हे रकाने मागा आणि फक्त 'डी'च्या ओळी ठेवा. 'डब्ल्यूचॅन' म्हणजे प्रोसेस कर्नलच्या ज्या फंक्शनमध्ये झोपली आहे त्याचं नाव. आणखी खोल जायचं तर रूट होऊन '/प्रॉक/पीआयडी/स्टॅक' वाचा, त्या क्षणाचा अख्खा कर्नल स्टॅक, म्हणजे एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांची यादी, समोर येतो. दर सेकंदाला हे एका फाइलमध्ये लिहिणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट आजच लावून ठेवा. कितीतरी प्रकरणं इथेच सुटतात आणि ट्रेसिंगची वेळही येत नाही.

आता टूल्सच्या नावांचा गोंधळ. त्यांतली बरीच नावं एकमेकांना पर्याय नाहीतच, ती वेगवेगळ्या थरांची नावं आहेत. खालच्या थरावर कर्नलमधल्या घटना पकडण्याच्या जागा असतात: ट्रेसपॉइंट, केप्रोब, यूप्रोब (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांच्या फंक्शनवर लागणारा) आणि सीपीयूचे हार्डवेअर काउंटर. ट्रेसपॉइंट कर्नल लिहिणाऱ्यांनी स्वतः ठेवलेले असतात, म्हणून त्यांची नावं सहसा टिकतात. केप्रोब २.६.९ मध्ये, म्हणजे २००४ साली आला. तो कर्नलच्या जवळपास कुठल्याही फंक्शनवर लावता येतो, पण फंक्शनचं नाव बदललं की तुटतो. वरच्या थरावर या जागांवरून माहिती गोळा करणारी साधनं असतात. स्टीव्हन रॉस्टेडचा एफट्रेस २००८ साली २.६.२७ मध्ये आला, पर्फ पुढच्या वर्षी २.६.३१ मध्ये. अलेक्सी स्टारोवॉयटोव्हच्या ईबीपीएफने २०१४ नंतर चित्रच पालटलं, कारण आपला छोटा प्रोग्राम कर्नलच्या आत चालवून तिथेच बेरीज-वजाबाकी करता येऊ लागली. बीसीसी आणि बीपीएफट्रेस ही दोन्ही ईबीपीएफवर उभी आहेत.

यांतला एफट्रेस तुमच्या सर्व्हरवर आत्ताही आहे, काहीही न बसवता. कर्नल संकलित (कंपाइल) होतानाच बहुतेक फंक्शनांच्या सुरुवातीला एक जागा राखलेली असते. बूट होताना तिथे काहीही न करणारी सूचना भरली जाते, म्हणून बंद असताना त्याचा भार जवळजवळ शून्य. ट्रेसिंग चालू केलं की तीच जागा चालत्या कर्नलमध्ये बदलली जाते. सगळा कारभार '/सिस/कर्नल/ट्रेसिंग' या डिरेक्टरीतल्या साध्या फाइलींतून चालतो (जुन्या लेखांत '/सिस/कर्नल/डीबग/ट्रेसिंग' दिसेल, वस्तू तीच). ज्या सर्व्हरवर पॅकेज बसवायला परवानगी नाही किंवा इंटरनेटच नाही, तिथे मी याच्यावरच काम भागवतो. तुमच्या बाबतीतही सुरुवात इथूनच करेन.

पोस्टग्रेस कमिट करताना, म्हणजे व्यवहार कायम करताना, डब्ल्यूएएल फाइल (बदलांची आगाऊ नोंदवही) डिस्कवर पक्की करतो. फाइल सिस्टम ईएक्सटी४ असेल तर ती वाट कर्नलमधल्या 'ईएक्सटी४_सिंक_फाइल' या फंक्शनमधून जाते, मग डेटा डिस्कवर पक्का करायला सांगणारा कॉल वरून एफसिंक आलेला असो की एफडेटासिंक. त्या फंक्शनला कुठे वेळ लागतो ते बघू. रूट होऊन त्या डिरेक्टरीत जा. 'सेट_ग्राफ_फंक्शन' या फाइलीत 'ईएक्सटी४_सिंक_फाइल' लिहा. 'मॅक्स_ग्राफ_डेप्थ'मध्ये ५. 'ट्रेसिंग_थ्रेश'मध्ये १०००००, हा आकडा मायक्रोसेकंदांचा आहे, म्हणजे दहावा हिस्सा सेकंदाहून जास्त वेळ घेतलेलीच फंक्शन नोंदली जातील आणि बफर कचऱ्याने भरणार नाही. 'ऑप्शन्स/फंकग्राफ-प्रॉक'मध्ये १, म्हणजे प्रोसेसचं नाव दिसेल.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी सांगितलेली नसते, आणि चालू सर्व्हरवर तीच सगळ्यात महत्त्वाची. 'सेट_ग्राफ_फंक्शन' फक्त काय नोंदायचं ते ठरवतं. हुक (फंक्शनच्या सुरुवातीची ती बदललेली जागा) मात्र कर्नलच्या हजारो फंक्शनांवर लागतात आणि प्रत्येक कॉलला थोडा भुर्दंड बसतो. हुकच मोजके लागावेत म्हणून 'सेट_एफट्रेस_फिल्टर'मध्ये 'ईएक्सटी४_*', 'जेबीडी२_*', 'फाइल_राइट_अँड_वेट_रेंज' आणि 'ब्लॉकडेव्ह_इश्यू_फ्लश' एवढंच लिहा. शेवटचं नाव कर्नलमध्ये 'बीएलकेडीईव्ही' असं सुरू होतं. नेमकी स्पेलिंग 'अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्स'मध्ये शोधून तिथूनच उचला. मग 'करंट_ट्रेसर'मध्ये 'फंक्शन_ग्राफ' लिहा आणि 'ट्रेस_पाइप' वाचत बसा.

सर्व्हर थिजला की ओळी उमटतील. प्रत्येक ओळीत फंक्शनला लागलेला वेळ असतो, झोपेसकट, आणि त्याच्या आधी एक चिन्ह. अधिक म्हणजे १० मायक्रोसेकंदांहून जास्त, उद्गारचिन्ह म्हणजे १००, हॅश म्हणजे १०००, तारका म्हणजे १० मिलिसेकंद, ॲट म्हणजे १०० मिलिसेकंद आणि डॉलर म्हणजे एका सेकंदाहून जास्त. तुम्हाला डॉलर शोधायचा आहे. तो 'फाइल_राइट_अँड_वेट_रेंज'वर असेल, तर पोस्टग्रेसचा स्वतःचा डेटा डिस्कवर जायला वेळ लागला. 'जेबीडी२_लॉग_वेट_कमिट'वर असेल, तर तो फाइल सिस्टमच्या जर्नलची (तिच्या बदलांच्या नोंदवहीची) वाट पाहत होता. फ्लशवर असेल, तर डिस्क आपली कॅश रिकामी करण्यात गुंतली होती. तिन्ही वेळा बाहेरून दिसणारं लक्षण एकच, उपाय मात्र निरनिराळे.

काम झालं की आवरणं आलंच. 'करंट_ट्रेसर'मध्ये 'नॉप' लिहा, थ्रेश आणि डेप्थ शून्यावर आणा, दोन्ही फिल्टर रिकामे करा. ट्रेसर चालू सोडून लॉगआउट करू नका. टर्मिनल बंद केलं तरी एफट्रेस चालतच राहतो, कारण तो कुठल्याही प्रोसेसचा नसून कर्नलचा आहे. हा फाइलींचा खेळ रोज करायचा असेल तर 'ट्रेस-सीएमडी' हे पॅकेज बसवा. तो हेच सगळं एका कमांडमध्ये करतो आणि 'ट्रेस-सीएमडी रीसेट' दिलं की आवरूनही देतो.

आता बसवण्याकडे वळू. २२.०४ वर 'ॲप्ट'ने पाच पॅकेजं घ्या: बीपीएफसीसी-टूल्स, बीपीएफट्रेस, ट्रेस-सीएमडी, लिनक्स-टूल्स-जेनेरिक आणि चालू कर्नलच्या आवृत्तीचं लिनक्स-हेडर्स. हेडर्स लागतात, कारण बीसीसीची पायथॉनमधली टूल्स प्रत्येक वेळी सी भाषेतला तुकडा तिथल्या तिथे संकलित करतात. उबुंटू आणि डेबियनवर बीसीसीच्या प्रत्येक टूलच्या नावापुढे '-बीपीएफसीसी' लागतं. 'बायोलेटन्सी' टाइप करून कमांड सापडली नाही, एवढ्यावरून इन्स्टॉलेशन फसलं असं समजणारे खूप भेटतात. फेडोरावर पॅकेजचं नाव बीसीसी-टूल्स आहे आणि टूल्स '/यूएसआर/शेअर/बीसीसी/टूल्स'मध्ये मिळतात. डेबियनवर पर्फसाठी लिनक्स-पर्फ घ्यावं लागतं.

हमखास येणाऱ्या अडचणी सांगून ठेवतो. कर्नल अपडेट झाल्यावर पर्फ म्हणतो की या कर्नलसाठी पर्फ सापडला नाही. टूल्सचं पॅकेज कर्नलच्या जातीशी जुळायला हवं. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉन क्लाउडच्या) कर्नलला लिनक्स-टूल्स-एडब्ल्यूएस लागतं, जेनेरिक चालत नाही. बीपीएफट्रेसची एखादी तयार स्क्रिप्ट चालवली की 'बिगिन_ट्रिगर' हे चिन्ह सापडलं नाही अशी तक्रार येते. ही २२.०४ च्या पॅकेजमधलीच खोट आहे: बायनरीतून चिन्हं काढून टाकलेली आहेत. उबुंटूच्या डीबग पॅकेजांचं भांडार जोडून बीपीएफट्रेस-डीबीजीसिम बसवलं की काम होतं. 'बिगिन' किंवा 'एंड' नसलेल्या एका ओळीच्या कमांडांना त्याशिवायही अडत नाही.

तिसरी अडचण जरा मोठी आहे. '२२.०४'वर नवं एचडब्ल्यूई कर्नल (नव्या हार्डवेअरसाठी उबुंटू देतं ते) घेतलं असेल तर बायोलेटन्सी आणि बायोस्नूप ही डिस्कच्या विनंत्या मोजणारी बीसीसीची टूल्स केप्रोब लावता आला नाही म्हणून थांबतात. कारण ती जुनी टूल्स 'बीएलके_अकाउंट_आयओ_स्टार्ट' आणि त्याच्या जोडीचं '_डन' या फंक्शनांवर केप्रोब लावतात, आणि ५.१५ नंतरच्या कर्नलमध्ये ती इनलाइन झाली, म्हणजे त्या नावाने हुक लावण्याजोगी उरलीच नाहीत. केप्रोब तुटतो म्हणतात तो असा. अशा वेळी 'ब्लॉक_आरक्यू_इश्यू' आणि 'ब्लॉक_आरक्यू_कम्प्लीट' या ट्रेसपॉइंटांवर बीपीएफट्रेसने तेच मोजमाप करता येतं. पहिल्यावर डिव्हाइस आणि सेक्टर या जोडीखाली वेळ लिहून ठेवायची, दुसऱ्यावर ती वजा करून 'हिस्ट' या हिस्टोग्राममध्ये टाकायची. ट्रेसपॉइंट मिळत असेल तिथे केप्रोब वापरू नका, असंच मी सगळ्यांना सांगतो.

हे सगळं होस्टवर चालवा. साध्या कंटेनरच्या आत परवानग्याच नसतात, आणि दिसणारे पीआयडीसुद्धा होस्टचे असतात. सामान्य वापरकर्त्याला पर्फ चालत नाही म्हणून 'पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड' उणे एकवर आणून ठेवायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो. उबुंटूने तो जाणूनबुजून ४ वर ठेवला आहे. तो तसाच राहू द्या आणि 'सुडो' वापरा.

टूल्स लागली की तुमच्यासाठी पहिलं 'बायोलेटन्सी-बीपीएफसीसी', कॅपिटल 'डी' पर्याय लावून म्हणजे डिस्कनिहाय, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने. हे प्रत्येक आयओ छापत नाही, कर्नलच्या आतच मोजून हिस्टोग्राम तयार करतं. बहुतेक विनंत्या २५६ ते ५११ मायक्रोसेकंदांच्या ओळीत दिसतील, तिथल्या तारकांची रांग लांबच लांब असेल. तुम्ही मात्र खाली बघा. ५२४२८८ ते १०४८५७५ या ओळीत, म्हणजे अर्धा ते एक सेकंद या पट्ट्यात, वेगळा छोटा पुंजका आहे का? समजा दहा हजार विनंत्या ०.४ मिलिसेकंदांत झाल्या आणि पन्नास विनंत्यांना ७०० मिलिसेकंद लागले. सरासरी येते चार मिलिसेकंदांहून थोडी कमी. 'आयओस्टॅट'मध्ये हा आकडा पाहून कुणालाही डिस्क ठणठणीत वाटेल, आणि नेमके त्या पन्नासांत तुमचे कमिट अडकलेले असतील.

त्याच्या जोडीला दुसऱ्या टर्मिनलवर 'ईएक्सटी४स्लोअर-बीपीएफसीसी १००' चालवा. फाइल सिस्टमच्या पातळीवर १०० मिलिसेकंदांहून जास्त रेंगाळलेलं प्रत्येक वाचन, लेखन, ओपन आणि सिंक तो फाइलच्या नावासकट दाखवतो. 'टी' या रकान्यात 'एस' दिसला तर तो सिंक. (एक्सएफएस असेल तर 'एक्सएफएसस्लोअर'.)

निदान होतं ते या दोघांची तुलना करून. दोन्हीकडे विलंब दिसला, तर दुखणं ब्लॉक लेयरच्या (फाइल सिस्टम आणि डिस्क यांच्यामधल्या कर्नलच्या थराच्या) खाली आहे: डिस्क, रेड कंट्रोलर किंवा क्लाउडवाल्याने डिस्कला घातलेली आयओपीएसची (सेकंदाला किती वाचन-लेखनं याची) मर्यादा. मर्यादा गाठली की विनंत्या होस्टकडे थोपवल्या जातात, आणि व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) आतून बघणाऱ्याला डिस्कच संथ झाल्यासारखी दिसते. ईएक्सटी४स्लोअरमध्ये विलंब आहे पण बायोलेटन्सी स्वच्छ आहे, तर डिस्क निर्दोष. प्रोसेस फाइल सिस्टमच्या आत, जर्नल किंवा लॉकवर अडकली आहे. आणि दोन्हीकडे काहीच नाही तरी ॲप थिजतं, तर डिस्कचा नाद सोडा. 'ऑफसीपीयूटाइम-बीपीएफसीसी'ला पोस्टग्रेसचा किंवा ॲपचा पीआयडी द्या आणि प्रोसेस कुठल्या स्टॅकमध्ये झोपते ते बघा. फ्युटेक्स दिसला तर ॲप्लिकेशनमधलं लॉक, सॉकेटवरचं वाचन दिसलं तर नेटवर्क. याच टूलला '--स्टेट २' दिलं की फक्त 'डी' अवस्थेतला वेळ मोजला जातो, म्हणजे तुमचा लोड ॲव्हरेज फुगवणारे स्टॅकच हाती येतात.

तुमच्या लक्षणांवरून माझा संशय मधल्या प्रकारावर किंवा पहिल्या-मधल्याच्या मिश्रणावर आहे: दुसरीच एखादी प्रोसेस, बॅकअप, लॉग आवळणारी किंवा रिपोर्ट काढणारी, भसाभस लिहिते. ते लेखन आधी रॅममध्ये साचतं. 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो' मुळात १० टक्के असतो, म्हणजे ६४ जीबीच्या मशीनवर काही जीबी डेटा साचेपर्यंत कर्नल निवांत असतो. मग तो लोंढा एकदम डिस्ककडे सुटतो. ईएक्सटी४ च्या 'ऑर्डर्ड' पद्धतीत जर्नल कमिट होण्याआधी त्या व्यवहारातल्या नव्या ब्लॉकांचा डेटा डिस्कवर जावा लागतो. पोस्टग्रेसचा काही केबींचा कमिट, घाटात मालट्रकमागे सापडलेल्या रिक्षासारखा, त्या लोंढ्यामागे खोळंबतो.

तो लिहिणारा कोण, हे शोधताना बायोस्नूपवर विसंबू नका. बफरमधून होणारं लेखन प्रत्यक्ष डिस्ककडे पाठवतात कर्नलचे थ्रेड, म्हणून नावाच्या रकान्यात 'केवर्कर' आणि 'जेबीडी२' दिसतात आणि खरा लेखक लपतो. त्याला पकडायचं ते वरच्या पातळीवर, 'राइट' सिस्टम कॉलवर (प्रोग्राम कर्नलकडे लिहिण्याची मागणी करतो तिथे). बीपीएफट्रेसमध्ये 'सिस_एक्झिट_राइट' या ट्रेसपॉइंटवर, परतीची किंमत (लिहिलेले बाइट) शून्याहून जास्त असेल तर, प्रोसेसच्या नावाखाली तिची बेरीज करा. एका ओळीचं काम आहे. कंट्रोल-सी दाबलं की कुणी किती बाइट लिहिले याची चढती यादी समोर येते, थिजण्याआधीच्या मिनिटभरात पहिला असलेला शेवटच्या ओळीत. 'फाइलटॉप-बीपीएफसीसी' फाइलनिहाय हेच दाखवतं.

मर्यादांबद्दल म्हटलं होतं. ईबीपीएफचा प्रोग्राम कर्नलमध्ये शिरण्याआधी व्हेरिफायर तपासतो, म्हणून तो कर्नल पाडेल ही भीती फारशी नको. भाराची काळजी मात्र घ्यावी लागते, आणि भार ठरतो घटना सेकंदाला किती वेळा घडते यावर. ब्लॉक आयओ सेकंदाला काही हजार, तिथे फरक कळतही नाही. शेड्युलरचं 'स्विच' गजबजलेल्या मशीनवर लाखांत जातं, म्हणून ऑफसीपीयूटाइम मोजकेच सेकंद आणि पीआयडी देऊनच चालवा. 'मॅलॉक'सारख्या (मेमरी मागणाऱ्या, सतत बोलावल्या जाणाऱ्या) फंक्शनवर यूप्रोब लावणं चालू सर्व्हरवर टाळाच. प्रत्येक कमांडच्या पुढे 'टाइमआउट ३०' लावायची सवय ठेवा. काही नोंदी गळाल्याचा इशारा आला तर ते आउटपुट अपुरं समजा. छापणं कमी करा, मोजणं कर्नलमध्येच होऊ द्या. आणि डेटाबेसवर 'एसट्रेस' हे सिस्टम कॉल दाखवणारं टूल लावू नका. तो प्रत्येक सिस्टम कॉलला प्रोसेस दोनदा थांबवतो, आधीच आजारी असलेला सर्व्हर त्याने झोपतो. ट्रेसच्या आउटपुटमध्ये फाइलींची नावं, कधी अख्ख्या क्वेरी येतात. बाहेर कुणाला पाठवण्याआधी नजर फिरवा.

लेखक सापडला आणि तो बॅकअप निघाला, तर त्याला 'आयओनाइस' लावून, म्हणजे डिस्कसाठीचं त्याचं प्राधान्य कमी करून, सुटका होईल असं धरू नका. डिस्कच्या विनंत्यांचा क्रम लावणारा ब्लॉक शेड्युलर 'नन' असेल, जसा एनव्हीएमई एसएसडीवर बहुधा असतो, तर त्या प्राधान्याकडे कुणी बघतच नाही. बॅकअप 'आरसिंक'ने होत असेल तर त्याला '--बीडब्ल्यूलिमिट'ने वेगाची मर्यादा घाला, 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' २५६ एमबीच्या आसपास ठेवून लोंढा साचण्याआधीच वाहता करा, आणि जमत असेल तर डब्ल्यूएएल वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या फाइल सिस्टमवर हलवा, म्हणजे जर्नलच निराळा होईल. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर, बॅकअपच्या त्याच वेळेला, बायोलेटन्सी आणि ईएक्सटी४स्लोअर पुन्हा चालवून खालचा पुंजका गेला का ते बघा. आजचे हिस्टोग्राम तारखेसकट फाइलमध्ये जपून ठेवा, म्हणजे तुलना करायला काहीतरी हाताशी असेल.